कर्णिकबाई पडल्या तो जिना

“‘मुख्य दारातून आत या. डावीकडे वळा. टोकाला ग्रंथालय आहे.’” माझी इंग्रजी वाक्ये मुद्दाम मराठीत आणून डॉ. वैराळे यांनी ती सगळ्या प्राध्यापक-कक्षाला ऐकवली आणि माझा कागद ओल्या मोज्यासारखा दोन बोटांच्या चिमटीत धरला. “कुलथे, हे इंग्रजी आहे की रिक्षावाल्याला सांगितलेला पत्ता?”

कोपऱ्यातून कोणीतरी हसले. विभागप्रमुखांच्या विनोदाला हसणे हा आमच्याकडे अध्यापनाचाच एक भाग समजला जाई.

“सर, पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून...”

“वाट गुरांनाही सापडते. संध्याकाळी आपापल्या गोठ्यात बरोबर जातात. त्यांना कोणी पुस्तिका छापून देत नाही.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “आपण उच्च शिक्षण देतो. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळलं पाहिजे.”

मी मान खाली घालून कागदाची घडी केली. त्या काळात मान खाली घालणे मला फार सुरेख जमे. मनात मात्र मी त्यांचा तिरस्कार करीत होतो, आणि तो तिरस्कार हीच माझी त्या गावातली एकमेव चैन होती.

तालुक्याच्या गावातल्या त्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवीत असे. बऱ्याच वर्षांनी इंग्रजीची एक कायम जागा मंजूर झाली होती. तपासणी समिती येऊन गेली की मुलाखती व्हायच्या होत्या, आणि मुलाखतीत बोलणारा आवाज एकच असणार होता, तो डॉ. वैराळे यांचा. माझे वडील सराफ गल्लीतल्या दुकानात दुसऱ्याच्या सोन्यावर मान वाकवून बसत. आई दर रविवारी फोनवर एकच विचारी, “ऑर्डर आली का रे?” जणू माझी ऑर्डर एखाद्या उशिराच्या एस.टी.त बसलेली होती आणि आई थांब्यावर उभी होती.

त्या वर्षी समितीने एक नवा नियम काढला होता. सदस्यांसोबत महाविद्यालयाचे कोणीही फिरायचे नाही. इमारतीतल्या प्रत्येक ठिकाणी कसे जायचे याचे इंग्रजी वर्णन छापून द्यायचे, ते हातात घेऊन सदस्य स्वतः फिरतील. दुसरा नियम, त्या दिवशी कोणत्याही दाराला कुलूप असायचे नाही. समितीच्या अध्यक्षा केरळच्या होत्या, म्हणून मराठीचा मार्ग बंद होता. पुस्तिकेचे काम माझ्याकडे आले, कारण तासिकेवरच्या माणसाला “नाही” म्हणण्याची तासिका नसते.

ते काम मला मनापासून आवडले होते, हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. मी जन्मजात भिडस्त. परक्या गावात वाट चुकलो तर तासभर भटकेन, पण पानाच्या टपरीवर विचारायला माझी जीभ उचलत नाही. अशा माणसाला नीट लिहिलेला पत्ता म्हणजे न बोलता धरलेला हात. कोणीतरी आपल्या आधी या वाटेने गेले, आपण कुठे अडखळू याचा त्याने विचार केला, आणि मग तो बाजूला झाला. असे लिहिणारा माणूस मला फार सभ्य वाटे.

आमची इमारत मात्र सभ्य नव्हती. मूळ एक जुने गोदाम. पुढे जसजसे अनुदान मिळत गेले तसतशी एकेक बाजू तिला चिकटत गेली. दर्शनी भागात संगमरवरी जिना होता, त्याच्या वळणावर संस्थाध्यक्ष आप्पासाहेब रणवरे यांचे तैलचित्र. हा जिना पहिल्या मजल्यावर प्राचार्यांच्या दालनाशी जाई, आणि तिथे उत्तरेच्या बाजूला एक भिंत होती. भिंतीपलीकडे वर्ग होते, पण तिकडे जायला खाली उतरून, सायकलस्टँडला वळसा घालून, मागचा अरुंद जिना चढावा लागे. अमुक मजला, तमुक दिशा असे आमच्याकडे कोणी बोलत नसे. “पाटील सरांच्या खोलीशेजारी,” असे सांगत, आणि पाटील सर निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत असत. “काळे शिपाई बसायचा तिथं.” आणि मागचा जिना म्हणजे “कर्णिकबाई पडल्या तो जिना.” कर्णिकबाई कोण, कधी पडल्या, हे मी विचारले नव्हते. विचारणे माझ्या स्वभावात नव्हते.

त्या जिन्यावरच मला मुजावर मॅडम भेटल्या. नसीम मुजावर इतिहास शिकवीत. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, कायम नोकरीतल्या, आणि जिभेने कोणाच्याच नोकरीत नसलेल्या.

“काय मोजतोयस?” त्यांनी विचारले.

“मोजत नाही, मॅडम. वाट लिहितोय. विद्यार्थिनी कक्षाची.”

त्या थांबल्या. मग एखाद्या विद्यार्थ्याने उत्तर अगदीच चुकवल्यावर पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. “चल, दाखवते. पायरी बघून चढ, फुटकी आहे.”

पहिल्या मजल्यावर त्या मला शेवटच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. समोर पिण्याच्या पाण्याचा नळ होता. दाराला कुलूप होते आणि दारावर विद्यार्थिनी कक्षाची पाटी. पाटीवर आप्पासाहेबांच्या वाढदिवसाचे कॅलेंडर टांगलेले. मॅडमनी खिडकीची फट बोटाने रुंद केली.

आत सन्मानचिन्हे होती. जमिनीपासून छतापर्यंत. काचेचे तळहात, पितळी मशाली, लाकडी नांगर, प्लास्टिकचे गरुड, चौकटीतली मानपत्रे, आणि शालींचे गठ्ठे. आप्पासाहेबांचे जिथे जिथे सत्कार झाले होते, तिथून तिथून जे जे घरी न मावले ते इथे येऊन पडले होते. मागच्या भिंतीत एक दार दिसत होते. ते स्वच्छतागृहाचे, असे मॅडम म्हणाल्या. त्याला टेकून स्वतः आप्पासाहेबांचा पुठ्ठ्याचा पुरुषभर पुतळा हात जोडून उभा होता.

“वाकून नमस्कार कर,” मॅडम म्हणाल्या. “विद्यार्थिनी कक्षातला एकमेव रहिवासी.”

“मग मुली कुठं जातात?”

“एस.टी. स्टँडवर. मधल्या सुट्टीत. ज्यांना तिथं जायची लाज वाटते त्या पाणीच पीत नाहीत. सकाळपासून.” त्यांनी समोरच्या नळाकडे हनुवटीने खूण केली. “नळ बघ किती स्वच्छ आहे. वापर नाही ना.”

मी वहीत लिहिलेल्या वाक्याकडे पाहिले. शेवटचे दार, पिण्याच्या पाण्याच्या नळासमोर. वाक्य अचूक होते.

“काय लिहिणार आता?” त्यांनी विचारले.

“आहे तेच.”

“लिही. वैराळे सर तुझं काय करतात ते बघायला मजा येईल.”

वैराळे सरांनी काय केले ते चार दिवसांनी कळले. पुस्तिकेचा नवा मसुदा न्यायला त्यांनी मला घरी बोलावले. त्यांच्या वसाहतीत मी कधी गेलो नव्हतो. महाविद्यालयातून निघताना त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे घाईने, इंग्रजीत, काही ओळी खरडून माझ्या हातात दिल्या. “विचारत बसू नका कोणाला. चौकश्या फार करतात तिथले लोक.”

संध्याकाळी मी त्या पाकिटावर नजर ठेवून चालत गेलो. समोरचे फाटक बंद असते, मागचे वापरा. जिने दोन आहेत. दुसरा जिना घ्या, पहिला नव्हे. दुसऱ्या वळणावर दिवा नाही, कठडा धरा. वर आल्यावर डावीकडचे दार. घंटा वाजत नाही, कडी वाजवा. मी कोणालाही काही न विचारता, कुठेही न थांबता पोहोचलो आणि कडी वाजवली. पाकीट खिशात ठेवून दिले आणि विसरलो. माझे मन सारा वेळ त्या माणसाचा मसुदा किती वाईट असेल याच्या आनंदात होते.

तो माझ्या अपेक्षेपेक्षाही वाईट निघाला. त्यांचे इंग्रजी मराठीत सांगायचे तर असे: “ज्ञानपिपासूंच्या पदस्पर्शाने पुनीत झालेल्या प्रथम तलावर, उत्तर दिशेच्या प्रसन्न सान्निध्यात, संस्थेच्या कन्यकांप्रति असलेल्या वात्सल्याचे मूर्तिमंत प्रतीक असा विद्यार्थिनी कक्ष विलसत आहे.” डावे नाही, उजवे नाही, जिना नाही, दार नाही. ग्रंथालय “संकुलाच्या हृदयस्थानी स्पंदन पावत” होते. उपाहारगृह “सौहार्दाच्या छायेत” होते. खरे तर ते सायकलस्टँडच्या पत्र्याच्या छायेत होते. मुखपृष्ठावर खाली छापायचे होते, “शब्दांकन: डॉ. दि. वा. वैराळे.”

“कसं वाटतं?” त्यांनी विचारले. त्यांच्या पत्नींनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या.

“भव्य आहे, सर.”

“शिका.”

चहाचा कप हातात धरून मी बराच वेळ धीर गोळा केला. “सर, तो विद्यार्थिनी कक्ष... तिथं आप्पासाहेबांची सन्मानचिन्हं आहेत.”

“मग?”

“म्हणजे खोली तशी नाहीये.”

“नाही कशी?” ते अजिबात रागावले नाहीत. “खोली नकाशात आहे. अनुदानाच्या कागदात आहे. आता पुस्तिकेतही आली. एखादी गोष्ट असायला आणखी किती ठिकाणी असावी लागते, कुलथे?”

मी कप बशीत ठेवला.

“आणि हे बघा. असली माणसं एकटी फिरत नसतात. नियम कागदावर. फेटा बांधला, तुतारी वाजली, आप्पासाहेबांनी हात धरला, की माणूस नेऊ तिकडे जातो. पुस्तिका पिशवीत जाते, पिशवी गाडीत जाते.” त्यांनी मसुदा माझ्याकडे दिला. “छपाईला टाका. अक्षर बदलू नका. आणि मुलाखतीची तयारी ठेवा. जागा एकच आहे, पण माणूसही मला एकच दिसतोय.”

परतताना मी दुसऱ्या जिन्याने उतरलो. दिवा नसलेल्या वळणावर हात आपोआप कठड्याकडे गेला. त्या रविवारी मी आईला सांगितले, “बहुतेक येईल.”

तपासणीच्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये आमचे सगळे सांस्कृतिक वैभव उन्हात उभे होते. नऊवारी नेसलेल्या मुलींचे लेझीम पथक सातपासून रांगेत होते. तुतारीवाला होता. तबकात फेटे होते. प्राचार्य साळोखे, गळ्यातला टाय एखाद्या शिक्षेसारखा घालून, पायऱ्यांवर वरखाली करीत होते. आप्पासाहेब आतल्या खुर्चीत होते. आमच्याकडे मोठी माणसे आधी येत आणि मग आलेल्यांची वाट पाहत बसत.

डॉ. अन्नम्मा कुरियन गाडीतून उतरल्या. बुटक्या, काटक, कॉटनच्या साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी. बाकीचे दोन सदस्य फेटा बांधून घेऊ लागले तेव्हा त्यांनी तबक हाताने बाजूला केले. तुतारी वाजायला लागली. ती संपेपर्यंत त्या शांतपणे, बस निघून जाण्याची वाट पाहावी तशा उभ्या राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, “पुस्तिका द्या.”

आप्पासाहेबांनी बाहेर येऊन हात पुढे केला. डॉ. कुरियन यांनी तो हलवला आणि सोडला. पुस्तिका उघडली, चष्मा लावला, आणि एकट्या आत गेल्या.

प्राचार्य साळोखे डॉ. वैराळे यांच्याकडे पाहू लागले. डॉ. वैराळे घड्याळाकडे.

संगमरवरी जिन्यावरून डॉ. कुरियन यांच्या चपलांचा आवाज वर गेला. काही वेळाने खाली आला. मग उपाहारगृहाच्या दिशेने गेला, तिथून ग्रंथालयाकडे, पुन्हा संगमरवरी जिन्यावर. मुजावर मॅडम माझ्या कानाशी पुटपुटल्या, “संकुलाच्या हृदयस्थानी स्पंदन पावतेय बाई.” मला हसू आवरेना. त्या माणसाचे इंग्रजी भर दिवसा, सगळ्यांसमोर, एका बाईच्या पायांखाली मोडून पडत होते, आणि मी ते डोळे भरून पाहत होतो.

बऱ्याच वेळाने त्या परत पोर्चमध्ये आल्या. कपाळावर घाम होता. त्यांनी पुस्तिका मिटली आणि मुखपृष्ठ पाहिले.

“मला मुलींची खोली हवी आहे,” त्या म्हणाल्या. “वर भिंत लागते.”

“मॅडम, मी स्वतः दाखवतो,” प्राचार्य पुढे झाले.

“नको. नियम आहे. मी जाईन. मला फक्त कसं जायचं ते कोणीतरी लिहून द्या. इथे इंग्रजी कोण शिकवतं?”

डॉ. वैराळे एक पाऊल पुढे आले. “मी विभागप्रमुख आहे.”

बाईंनी मुखपृष्ठावरचे नाव पुन्हा वाचले. “तुमचं लिहून झालं आहे,” त्या म्हणाल्या, अगदी सौम्यपणे. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पेनवर आली. “तुम्ही?”

मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला.

प्राचार्य माझ्या पाठीशी आले. “कुलथे,” ते हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता मराठीत म्हणाले, “तळमजल्यावरची भूगोलाची प्रयोगशाळा लिही. तिथं चार खुर्च्या टाकायला लावतो आत्ताच.”

डॉ. वैराळे फक्त पाहत होते. रविवारचा फोन माझ्या कानात वाजत होता. फेट्यांच्या तबकाशेजारी मी कागद ठेवला.

मागे लेझीमच्या रांगेत मुजावर मॅडम पाण्याची बाटली घेऊन फिरत होत्या. “घे गं दोन घोट. उन्हात उभी आहेस.”

“नको, मॅडम,” एक मुलगी म्हणाली.

“चक्कर येईल.”

“येऊ दे. मग दिवसभर काय करू?”

मी लिहायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्ये आली ती अशी: “जिने दोन आहेत. दुसरा जिना घ्या, पहिला नव्हे. तो सायकलस्टँडच्या मागे आहे. तिसरी पायरी फुटकी आहे; जपून. वर आल्यावर उजवीकडे वळा. शेवटचे दार, पिण्याच्या पाण्याच्या नळासमोर.” लिहिताना मला वाटले की ही वाक्ये मी कुठेतरी वाचली आहेत. कागद देताना मान वर केली तेव्हा डॉ. वैराळे यांचे माझ्या खांद्यावरून वाचून झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याच्या अंगावर आपला हरवलेला सदरा दिसावा तसे ते पाहत होते.

डॉ. कुरियन कागद घेऊन निघून गेल्या. या वेळी चपलांचा आवाज कुठेच परत फिरला नाही.

आम्ही सगळे पोर्चमध्ये उभे राहिलो. तुतारीवाल्याने हळूच विचारले, “सायेब, परत वाजवायची का?” नियमाप्रमाणे त्या दिवशी दारांना कुलपे नव्हती. विद्यार्थिनी कक्षाच्या कडीला प्राचार्यांनी सुतळी गुंडाळून पक्की गाठ मारून घेतली होती. तिथवर कोणी पोहोचणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की सुतळीसुद्धा केवळ मांजरासाठी होती.

डॉ. कुरियन परत आल्या तेव्हा ती सुतळी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती फेट्यांच्या तबकात ठेवली.

“मुली कुठे जातात?” त्यांनी विचारले.

आप्पासाहेबांना इंग्रजी येत नव्हते, पण ते तबकाकडे पाहत होते. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, ही तात्पुरती व्यवस्था...”

“एस.टी. स्टँडवर,” मुजावर मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, रांगेतूनच, बाटलीचे बूच लावीत. “रस्ता ओलांडा. उजवीकडे वळा. वासावरून कळेल.”

संध्याकाळी मंडप उतरत होता तेव्हा मी सायकलस्टँडवर सायकल काढायला गेलो. डॉ. वैराळे कर्णिकबाई पडल्या त्या जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. मला टाळता आले असते तर मी टाळले असते.

“माझं वाक्य होतं ते,” ते म्हणाले. “दुसरा जिना घ्या, पहिला नव्हे.”

मला पाकीट आठवले. ते अजून त्याच शर्टाच्या खिशात होते.

“तुला वाटत होतं, मला येत नाही,” ते म्हणाले. ते माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलत होते. “इतके दिवस माझ्याकडं बघून मनात हसत होतास. मला दिसत नाही का? अरे, येत होतं म्हणून तर इतकी वर्षं न आल्यासारखं लिहिता आलं. ज्याला येत नाही त्याच्याही हातून चुकून एखादं वाक्य सरळ जातं. माझ्या हातून कधी गेलं नाही. वाचणारा पोहोचला की संपलं. तो पोहोचू नये म्हणून लिहायचं, आणि वर त्याला वाटलं पाहिजे की वाट त्याचीच चुकली.”

मी सायकलचे कुलूप उघडले.

“तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही लिहून दिली होती अशीच वाट. तेव्हाही असेच पाहुणे आले होते. बरोबर वाटेला लागले ते. मग कर्णिकबाईंना पळवलं पुढं, खोली आवरायला. दोन्ही हातांत सत्काराच्या ढाली होत्या तिच्या. कठडा कशानं धरणार?” त्यांनी जिन्याकडे पाहिले. “परत चालली नाही बाई. त्यानंतर मी तसं लिहिलं नाही.”

अंधारू लागले होते. मी इतके दिवस जपलेला तिरस्कार घेऊन उभा होतो आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हते.

“ऑर्डरची वाट बघू नकोस,” ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी हे मुजावर मॅडमना सांगितले. त्या गृहपाठ तपासत होत्या. मान वर न करता ऐकून घेतले.

“कर्णिकबाई पडल्या ते खरं,” त्या म्हणाल्या. “मी नवीनच लागले होते. पण सरळ वाक्यामुळं नाही पडल्या त्या, कुलथे. पायरी फुटकी होती म्हणून पडल्या. वैराळेंनी वाक्य बदललं. पायरी अजून तशीच आहे.”

माझा तिरस्कार मला परत मिळाला, पण पूर्वीइतका ताजा राहिला नाही.

ती जागा आप्पासाहेबांच्या पुतणीच्या नवऱ्याला मिळाली. तो फार सज्जन गृहस्थ होता, असे ऐकतो. मी पुण्याला आलो. मोठमोठ्या रुग्णालयांत आणि कार्यालयांत भिंतींवर, दारांवर, जिन्यांपाशी जो इंग्रजी मजकूर असतो, कुठून बाहेर पडायचे, कुठे वळायचे, तो मी आता लिहितो. पोटापुरते मिळते. आईला हे काम नेमके काय ते अजून समजावता आलेले नाही. ते पाकीट माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नवे काम हाती घेतले की मी आधी ते वाचतो.

परवा बऱ्याच वर्षांनी मुजावर मॅडमचा फोन आला. त्या निवृत्त होत होत्या.

“खोली उघडली, बरं का. त्या तपासणीनंतर लगेचच. तुला कळवायचं राहूनच गेलं. पोरी बसतात, डबे खातात, भांडतात. नळाला गर्दी असते.”

“आणि सन्मानचिन्हं?”

“भूगोलाच्या प्रयोगशाळेत. भूगोल व्हरांड्यात शिकवतात.” त्या हसल्या. “आणि ऐक. मधे पुन्हा तपासणी आली म्हणून जिन्यापाशी तुझा कागद लावलाय. त्या केरळच्या बाईंनी अहवालाला जोडला होता ना, त्यावरून. पितळी पाटी केलीय, कोरीव अक्षरं. जशीच्या तशी. तिसरी पायरी फुटकी आहे, जपून, तेसुद्धा.”

“पायरी दुरुस्त नाही केली?”

“वेडा आहेस का? मग पाटी चुकीची ठरेल. एक गोष्ट तुला सांगू की नको असं झालंय. वैराळेंनी निवृत्त होण्याआधी पाटीखाली आपलं नाव कोरून घेतलं. शब्दांकन: डॉ. दि. वा. वैराळे. तुझं नाव कुठंच नाही.”

माझी नजर काचेखालच्या पाकिटावर होती. दुसरा जिना घ्या, पहिला नव्हे.

“बरोबर आहे, मॅडम,” मी म्हणालो. “ते त्यांचंच आहे.”